खानदेशात वसाहतीस आलेल्या आपल्या पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

शेताची हद्द कोठे आहे, विहिरीस पाणी किती हातांवर लागते, कोणत्या वाफ्यात खारट माती आहे, ही माहिती आपणा शेतकऱ्यांस तोंडपाठ असते. परंतु हे शेत प्रथम वाहितीस कोणी आणिले असे विचारले असता पणजाच्या पलीकडचे नाव सांगणारा गृहस्थ गावात विरळाच सापडतो. घरोघरी एवढीच वदंता ऐकू येते की, ‘आम्ही मूळचे इकडचे नव्हेत.’ लेवा व गुजर कुटुंबांत गुजराथेकडून, पावागडाच्या बाजूने आल्याचे सांगतात. कोणी निमाडाचे, कोणी वऱ्हाडाचे, तर कोणी नगर-नाशिकाकडचे नाव घेतात. वदंता खोटी असते असे नाही. परंतु कोण आला, केव्हा आला व त्याने कोणती जमीन वाहिली हे तिच्यावरून कळत नाही. ते कळण्याचे साधन आपल्या महसुली दप्तरात आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे प्रस्तुत लेखात क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

१. खानदेश पुन्हा कसा वसला

शोधास लागण्यापूर्वी प्रांताचा इतिहास थोडक्यात ध्यानी घ्यावा. इ. स. १८०२ साली होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला, आणि त्याच्या मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेंढारी, अरब शिपाई व डोंगरातील टोळ्या यांच्या उपद्रवाने उरलीसुरली वस्तीही उठली. १८१८ साली प्रांत इंग्रजांकडे गेला तेव्हा पुष्कळ गावे ओस पडली होती व काळ्या जमिनीवर झाडी माजली होती. पहिला अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे करून तेथे व्यापारी व रयत यांस बोलावून वसविले. पडीत जमीन तोडणारास प्रथम थोडा व पुढे वर्षावर्षाने चढता सारा, असे कौल व इस्तावे देण्याची वहिवाट जुनीच होती. तीच पुढे चालली, व बैलबियाणांस तगाई मिळे.

पुढे आगगाडीचा रस्ता भुसावळपर्यंत आला, आणि १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसास अपूर्व भाव आला. तेव्हा उरलेली पडीत जमीनही झपाट्याने नांगराखाली आली. सारांश, आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज एकाच लाटेत आलेले नसून निरनिराळ्या वेळी आलेले आहेत. लेवा-गुजरांची वसाहत तर इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीची. यास्तव आपले घराणे कोणत्या वेळचे, हा शोधाचा पहिला प्रश्न होय.

२. परदेशचे एक उदाहरण

हा उद्योग निव्वळ हौसेचा आहे असे कोणास वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. युरोपच्या उत्तरेस नॉर्वे म्हणून डोंगराळ देश आहे. तेथे पिकाऊ जमीन फारच थोडी. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हँगर बंदरातून ‘रेस्टॉरेशन’ नावाचे लहानसे गलबत तेथील काही कुटुंबे घेऊन अमेरिकेस निघाले, व ९ ऑक्टोबरास न्यूयॉर्क येथे पोहोचले. त्यामागून पुढील शंभर वर्षांत लाखो लोक गेले. १८६२ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा केला की, जो कोणी पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसील त्यास १६० एकर द्यावी. त्या कायद्याखाली मिनेसोटा व डाकोटा येथील गवताळ मैदानात पुष्कळ नॉर्वेकरांनी जमिनी मोडल्या. पाच वर्षांनी हक्क पक्का करिताना घर कसे बांधले, किती एकर नांगरले, हे सांगून दोन शेजाऱ्यांची साक्ष द्यावी लागे. आज त्यांचे वंशज तेच कागद काढून पणजाची हकीकत जुळवितात.

आणखी एक साम्य पाहण्याजोगे आहे. नॉर्वेत पूर्वी कायमचे आडनाव नसे. बापाच्या नावास ‘चा पुत्र’ अशा अर्थाचा प्रत्यय लावीत, व ज्या शेतावर राहावे त्याचे नाव पुढे जोडीत. शेत बदलले की नावही बदले. वंशज ह्यामुळे घोटाळ्यात पडतात, आणि शेवटी शेताच्या नावावरूनच माणूस ओळखतात. आपल्याकडेही माणसापेक्षा शेताचाच माग धरणे सोपे, हे पुढे दिसून येईल.

३. आरंभ घरापासून

प्रथम घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे. पुरुषांबरोबर वृद्ध स्त्रियांसही अवश्य विचारावे. कारण कोणती आत्या कोणत्या गावी दिली, कोणाचे माहेर कोठले, हे त्यांस अधिक ठाऊक असते, आणि सोयरिकीच्या गावांवरून मूळ मुलखाची दिशा कळते. त्यांस सन विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘गिरणा-पांझरेच्या मोठ्या पुराच्या वेळी’ म्हटले तर १८७२ साल धरावे. ‘मोठ्या दुष्काळात’ म्हटले तर १८७६-७७ चा की १८९९-१९०० चा, हे पुढच्या-मागच्या पिढीवरून ठरवावे. ‘मानमोडीच्या साथीत’ म्हटले तर १९१८ साल होय. कुलदेवतेचे स्थान, नवसाला जाण्याचे गाव व घरातील बोली ह्याही खुणा टिपून ठेवाव्या.

त्यानंतर भाटांच्या वह्या व तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्या. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या वह्यांत यजमानाने आपले, वाडवडिलांचे व गावाचे नाव लिहून दिलेले असते. भाटाच्या वहीतील अलीकडच्या पाच-सात पिढ्या बहुधा उपयोगी पडतात. त्यापूर्वीची राजवंशाशी जुळविलेली मालिका जपून घ्यावी.

४. महसुली कागदांची शिडी

आता मुख्य काम. आजचा सातबारा हाती घ्यावा आणि शिडी उतरावी तसे एकेक पायरी मागे जावे.

पहिली पायरी: सातबाऱ्यावर खातेदारांच्या नावांजवळ फेरफारांचे क्रमांक असतात. कमी झालेल्या नावास कंस केलेला असतो. त्या कंसातील नावांकडेच आपले लक्ष हवे. ते क्रमांक उतरून घेऊन तलाठी दप्तरातील वा तहसिलीच्या अभिलेखकक्षातील गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, पाहावी. अमुक मयत, त्याचे वारस तमुक, असे तीत लिहिलेले असते. वारसांची वेगळी नोंदवही नमुना ६-क ही होय.

दुसरी पायरी: १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावी योजना झाली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आहेत. येथे पुष्कळांचा माग तुटतो. एकत्रीकरणाच्या पत्रकात कोणत्या जुन्या नंबराचा कोणता गट झाला हे दिलेले असते. ते मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: हक्कनोंदणी, अर्थात रेकॉर्ड ऑफ राइट्स, मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. प्रत्येक गावच्या पहिल्या हक्कपत्रकात त्या वेळचा कबजेदार, वाटेकरी, कूळ व कर्ज यांची नोंद सापडते.

चौथी पायरी: त्याही पूर्वीची मूळ मोजणी. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरी घालून दिलेली मोजणीची पद्धत खानदेशात १८५२ पासून लागू होऊ लागली. सारा वाढेल ह्या भयाने सावदे, फैजपूर, यावल, एरंडोल ह्या बाजूंच्या रयतेने १८५२ साली मोजणीस उघड विरोध केला, व सरकारने फौज आणून तो मोडला. ज्या साखळीस आपल्या आजे-पणज्यांनी हरकत केली, तिच्याच योगाने तयार झालेल्या पत्रकांत आज त्यांची नावे शिल्लक आहेत. मोजणीचे जुने कागद भूमी अभिलेख कार्यालयात मागावे. खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. त्यापूर्वी साऱ्या प्रांताचे ठाणे धुळे होते, म्हणून अमळनेरकरांनी जळगावाप्रमाणेच धुळ्याकडेही चौकशी करावी.

पाचवी पायरी: १८१८ च्या मागे जाणाऱ्यास पुण्याचे पेशवे दप्तर, आणि धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ ही स्थाने आहेत. परंतु तेथे पाटील, देशमुख, इनामदार व वतनदार यांची नावे मिळण्याचा संभव अधिक. साध्या कुळाचे नाव क्वचित.

ह्याखेरीज जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो, व शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही दोन साधने वयाची खात्री करण्यास उत्तम.

५. नावे, सन व लिपी

जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘रामा वलद गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा; ‘बिन’ असले तरी अर्थ तोच. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ असल्यास त्यापुढील नाव नवऱ्याचे. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. ‘पाटील’ हे मुळात हुद्द्याचे नाव; ते आडनाव म्हणून सर्वत्र पसरल्यामुळे केवळ पाटील ह्या शब्दावरून नाते जोडू नये. नातवास आज्याचे नाव ठेवण्याची चाल असल्याने दोन पिढ्यांतील एकाच नावाची माणसे एक समजण्याचा धोका असतो. बापाचे नाव ताडून पाहिल्याविना पुढे जाऊ नये.

सनांचा हिशेब असा: दक्षिणी फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो, फसली १२२८ म्हणजे १८१८-१९. शकात ७८ मिळवावे. सुहूर सनात ५९९ मिळवावे. तो अंकांऐवजी अरबी शब्दांनीच लिहीत. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, दहा, दोनशे व हजार, मिळून १२१९. अर्थात १८१८-१९ हेच साल. फसली व सुहूर ही वर्षे मृगाच्या सुमारास पालटत, त्यामुळे मृगापूर्वीच्या महिन्यांस इसवी सन एकाने पुढचा धरावा.

जुने दप्तर मोडीत आहे, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याकरिता न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणारांची गरज सर्वांस कळून आली. गावातील एकदोन तरुणांनी मोडी शिकून घेतल्यास साऱ्या गावाचे काम होईल. शिवाय जुन्या सातबारा-फेरफारांच्या प्रतिमा पुष्कळ जिल्ह्यांत संगणकावर चढविल्या आहेत. त्या आधी पाहाव्या, म्हणजे जीर्ण कागदांस हात कमी लागेल.

६. कागद जे सांगत नाहीत

महसुली कागद हा सारा वसूल करण्यासाठी केलेला असतो, कुलवृत्तांतासाठी नव्हे, हे विसरू नये. एकत्र कुटुंबात बहुधा वडील भावाचेच नाव लागे. धाकटे भाऊ कागदावर दिसत नाहीत म्हणजे ते नव्हते असे नाही. वारसाची नोंद मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीही होते, म्हणून नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नये. आणि मुलींची नावे तर वारसनोंदीत सर्रास गाळलेली आढळतात. ज्या सुनेने निंदणी-वेचणी करून शेत राखले तिचे नाव वैधव्य आले तरच कागदावर चढे. वंशावळ करिताना मुली व सुना यांची नावे आपण आवर्जून घालावी. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबर हक्क मिळाला आहे. अपुरी वंशावळ हे आता नुसते अज्ञान राहत नाही, ते भांडणाचे बीज होते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक, पण सांगणे प्राप्त आहे. आपल्या पूर्वजांनी रान तोडले हे खरे. तथापि ते रान नेहमीच निर्मनुष्य होते असे नव्हे. खानदेशात भिल्लांची वस्ती आपल्या आधीची. १८२५ साली धरणगावास आउट्रमच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभारिली गेली, आणि भिल्लांपैकी काहींस शेतीवरही बसविले. परंतु पुढे त्यांच्या पुष्कळ जमिनी कर्जापायी दुसऱ्यांच्या नावे झाल्या. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याविषयी महाराष्ट्रात १९७४ साली कायदा करावा लागला, तो याचसाठी. अमेरिकेतही हेच घडले: ज्या १८६२ साली जमिनी वाटण्याचा कायदा झाला, त्याच साली मिनेसोटात डाकोटा लोकांशी युद्ध होऊन त्यांस तेथून घालवून देण्यात आले. फेरफाराच्या नोंदीत आपल्या पणज्याच्या नावाआधी दुसऱ्या कोणाचे नाव आढळल्यास तेही वहीत लिहून ठेवावे. वंशवृत्त लिहावयाचे तर ते खरे लिहावे. नाही तर भाटाची वही बरी.

७. वही कशी ठेवावी

दर पिढीस एक पान द्यावे. त्यावर नाव, बापाचे व आईचे नाव, भावंडे, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार व ज्या कागदावरून माहिती घेतली त्याचा क्रमांक लिहावा. ऐकीव माहिती एका बाजूस व कागदाची दुसऱ्या बाजूस ठेवावी. दोन्ही जुळतील तेथे खूण करावी, न जुळतील तेथे तसेच लिहून ठेवावे. गावाचा नकाशा मिळवून त्यावर घराण्याचे जुने नंबर रंगवावे, म्हणजे वाटण्या कशा पडत गेल्या व तुकडे कसे झाले हे मुलांस एका दृष्टिक्षेपात कळेल. एकाने मोठी धारण मिळवावी आणि चार पिढ्यांत ती एकर-गुंठ्यांवर यावी, हा धडा उपदेशापेक्षा त्या नकाशावरून लवकर मनात ठसतो.

हे काम पावसाळ्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत होण्याजोगे आहे, आणि त्यास खर्च म्हणाल तर नकलांच्या फीपुरता. परंतु त्यास एक मुदत आहे. दप्तरातील कागद वाळवीने व ओलीने जात आहेत, आणि प्रसंग सांगणारी माणसे त्याहून लवकर जात आहेत. कागद उद्या मिळेल. वृद्धांच्या तोंडची हकीकत उद्या मिळेलच असे नाही. यास्तव वाचकांनी सातबाऱ्याची नकल मागण्याच्याही आधी घरातील आजीजवळ वही घेऊन बसावे, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितो.