प्लॉट मिळालाय ना, आता माझं ऐक

अगं, किल्ली हातात आली तेव्हा फोनवर किती खूश होतीस तू! आणि परवा प्लॉट बघून आलीस नि लगेच मेसेज, 'ताई, हे माझ्याच्यानं होणार नाही.' होणार आहे. गुडघाभर गवत, मध्येच ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, कोपऱ्यात कललेली शेड. इंग्लंडात नव्यानं हाती येणाऱ्या बहुतेक अलॉटमेंट, म्हणजे भाजी-फळं पिकवायच्या जागा, अशाच दिसतात. वर्षानुवर्षं यादीत नाव लावून थांबायचं आणि मिळतं ते कुणीतरी सोडून दिलेलं रान. त्यात तुझी नोकरी, लेकीची शाळा, घरी हाताखाली कुणी नाही. भांबावणारच गं. पण तुझं रान वाईट नाही. फोटोत डाव्या कुंपणाकडेला नेटल उगवलेलं दिसलं मला, दातेरी पानांचं, अंगाला लागलं की आग होणारं. ते कसदार जमिनीत माजतं.

आता पहिली गोष्ट. पूर्ण प्लॉट म्हणजे दहा रॉड, साधारण २५० चौरस मीटर. तुला अर्धा मिळालाय, म्हणजे सव्वाशे. बघ, पुण्यातल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटएवढी जागा आहे ही, आणि तू ती एका मार्च महिन्यात साफ करायला निघालीस. या वसंतात फक्त चौथा हिस्सा उघड. उरलेल्यावरचं गवत कापून तिथेच पाड, वर काळं जाड कापड किंवा ताडपत्री अंथर, कडांना विटा ठेव आणि वर्षभर तिकडे बघू नकोस. उजेड मिळाला नाही की गवत आपोआप दमतं. जुना गालिचा कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, कारण तो कुजताना त्यातली रसायनं आणि धागे मातीत उतरतात. आणि करारपत्र नीट वाच. पहिल्या वर्षी किती जमीन कसायची हे काही कौन्सिलं लिहूनच देतात. साइटच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेव की झाकलेला भाग मी पुढच्या वर्षी घेणार आहे. न सांगता राहिलं तर पाहणीच्या वेळी उगीच पत्र येतं आणि तुझी झोप उडते.

शेजारचा कुणी म्हणेल, मशीन देतो, तासाभरात सगळं नांगरून टाक. नाही म्हण. तुझ्या जमिनीत ती पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं आहेत ना, ते बाइंडवीड. त्याचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा राहिला तरी त्यातून नवा वेल येतो. मशीन फिरवलंस की एका मुळाची शंभर मुळं होतात. त्यापेक्षा काट्यानं माती सैल कर आणि मूळ हातानं ओढून काढ, अख्खं. जुन्या उशीवर गुडघे टेकून, एका वेळी दोन हात लांबीचा वाफा. ती मुळं कंपोस्टमध्ये टाकू नकोस. बादलीभर पाण्यात महिनाभर बुडवून कुजू दे, मग टाक.

किंवा खणूच नकोस. तिकडे सॉमरसेटमध्ये चार्ल्स डाउडिंग म्हणून आहेत, त्यांनी बिनखणतीची शेती सगळ्या देशाला शिकवली. गवतावर पुठ्ठे पसरायचे, ते ओले करायचे, वर चार-सहा इंच कुजलेलं कंपोस्ट घालायचं आणि त्यातच रोपं लावायची. खाली पुठ्ठा कुजतो, गवत मरतं, गांडुळं बाकीचं काम करतात. आपल्या मिडलंड्सच्या चिकणमातीला हे फार मानवतं, कारण ही माती ओली असताना तुडवली की विटेसारखी घट्ट होते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर वाफ्यात पाय ठेवायचाच नाही, फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं.

कंपोस्टला पैसे पडतात, म्हणून तबेल्यातली घोड्याची लीद फुकट मिळते ती आणायचं तुझ्या मनात येईल. आण, पण थांब जरा. काही कुरणांवर अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारतात. घोडा ते गवत खातो, त्याला काही होत नाही, पण औषध लिदीतून तसंच उतरतं आणि कुजल्यावरही बराच काळ टिकतं. मग तुझे बटाटे, टोमॅटो, शेंगा सगळं वाकडंतिकडं. याची परीक्षा घरच्या घरी होते. एका कुंडीत ती लीद साध्या मातीत कालवून भर, दुसरीत नुसती साधी माती, आणि दोन्हींत ब्रॉड बीनच्या तीन-तीन बिया टोक. तीन-चार आठवड्यांत दोन्हींचे शेंडे शेजारी ठेवून बघ. लीद चांगली असेल तर दोन्हीकडे पानं सपाट उघडतात. खराब असेल तर कोवळी पानं पेल्यासारखी आत वळतात, शिरा जवळजवळ येतात, शेंडा फर्नच्या कोंबासारखा गुंडाळलेला राहतो. असं दिसलं तर ती लीद प्लॉटवर टाकूच नकोस.

खरं सांगू का, तुला सगळ्यात जास्त छळणार आहे ती इथली हवा. आपण वाढलो तिथे ऊन पडलं की जमीन तापलेली असतेच. इथे मार्चमध्ये असं लख्ख ऊन पडतं की स्वेटर काढावासा वाटतो, दुकानात बियांची पाकिटं मांडलेली असतात आणि हात शिवशिवतात. पण माती गार असते गं. तळहात मातीत मनगटापर्यंत घाल आणि थोडा वेळ तसाच ठेव. बोटं बधिर व्हायला लागली तर बीही तिथे नुसतं पडून कुजणार. सोपी खूण सांगते. उघड्या वाफ्यावर बारीक तण आपोआप उगवायला लागलं की समज, माती जागी झाली. तोवर पाकिटं घरातच राहू देत.

आणि थंडीचा शेवटचा झटका मेच्या मध्यापर्यंत कधीही येतो, उत्तरेकडे तर मे अखेरपर्यंत. तेव्हा भोपळा, झुकिनी, घेवडा, टोमॅटो, मका ही मंडळी त्याआधी बाहेर नाहीत. आपल्याकडे अक्षय तृतीयेला आळी करून वेलांचं बी टोकायची पद्धत आहे ना, ती इथे बरोबर लागू पडते, फक्त आळ्याऐवजी खिडकीतली छोटी कुंडी. भोपळ्याचं बी तेव्हा घरात लाव, मे अखेरीस रोप तयार. बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा दाराबाहेर ठेवायची आणि रात्री आत घ्यायची. घरातल्या उबेत वाढलेलं रोप एकदम वाऱ्यात ठेवलं तर खचतं.

मग आत्ता काय लावायचं? ब्रॉड बीन, वाटाणा, कांद्याचे बारीक कंद आणि बटाटे. बटाट्याची पानं सोडली तर यांना थंडीचं वावडं नाही. पहिल्या वर्षी बटाट्यांत लवकरच्या जातीच घे, स्विफ्ट किंवा रॉकेट. उशिराच्या जाती जमिनीत जास्त दिवस राहतात आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत करप्याला सापडतात. लवकरच्या तोवर निघालेल्या असतात. अंड्याच्या ट्रेमध्ये डोळे वर करून उजेडात ठेव, आखूड जाड कोंब आले की लाव. इथले जुने लोक गुड फ्रायडेला बटाटे लावतात. फूटभर अंतर, दोन ओळींत दोन फूट, खड्डा वीतभर खोल. पानं वर आली आणि रात्री दव गोठणार असं हवामान सांगत असेल, तर सरळ माती ओढून पानं झाकून टाक. ती पुन्हा वर येतात. दहा-बारा आठवड्यांनी एक रोप उपटून बघ. पहिला बटाटा मातीतून निघाला की लेकीला हातात धरू दे, साल अंगठ्यानं निघतं इतकं कोवळं असतं.

मेथी आणि कोथिंबीर एप्रिलच्या मध्यापासून. मेथीला पाकीट विकत घेऊ नकोस, डब्यातले दाणे रात्री भिजत घाल आणि विखरून दे वाफ्यात. महिना-दीड महिन्यात जुडी. धने रगडून दोन फाका कर आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेर. जूनमधले लांब दिवस आणि ऊन लागलं की कोथिंबीर फुलावर जाते, म्हणून एकदम सगळं पेरायचं नाही. पांढऱ्या लांब मुळ्याचंही तेच, आत्ता पेरलास तर नुसता दांडा आणि फुलं. त्याला जुलै उजाडू दे. आत्ता छोटे लाल मुळे पेर.

वाल लावायची तुझी फार इच्छा आहे, माहीत आहे मला. बिरड्यासाठी मीही तळमळते. पण वालाला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात. इथे दिवस लहान होतात तेव्हा थंडी दाराशी आलेली असते, त्यामुळे वेल भरपूर वाढतो आणि शेंगा धरायला वेळच उरत नाही. त्याऐवजी रनर बीन लाव. बांबूचा मांडव कर, लाल फुलं येतात, आणि शेंग कोवळी असताना तोडून खोबरं-लसणाची भाजी कर, घेवड्याची आठवण राहत नाही. कारली, दुधी, भेंडी मात्र पॉलिटनेलशिवाय नको. काही गुजराती मावश्या ते पॉलिटनेलमध्ये फार सुंदर पिकवतात, त्यांच्याशी ओळख कर. तू बटाटे दे, त्या दुधी देतील.

१९२२ च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच अशी आहे की मुख्यतः स्वतःच्या नि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायची जागा. तेव्हा शेजारच्या आजोबांचे दोरी लावल्यासारखे सरळ वाफे बघून मन खट्टू करून घेऊ नकोस. तुझ्या घरात जे खाल्लं जातं तेच लाव. बीट कुणी खात नाही ना? मग बीट नको.

फळांची घाई करू नकोस. मोकळ्या मुळांची झाडं, झुडपं हिवाळ्यातच लावतात, मार्चनंतर तो मोसम सरतो. या वर्षी कुंडीतली स्ट्रॉबेरी लाव दहा-बारा, फळ धरलं की खाली पेंढा घाल, वर जाळी. रास्पबेरी, काळ्या करंट पुढच्या डिसेंबरात. सफरचंदाला आधी सेक्रेटरींना विचार, कित्येक साइटवर मोठी झाडं चालत नाहीत, ठेंगण्या खुंटावरची चालतात.

पण एक फळ तुझ्याकडे आत्ताच आहे, आणि तुझं लक्ष नाही! फोटोत शेडजवळ सुरकुतलेली मोठी पानं आणि लालसर देठांचा गड्डा दिसतोय, तो रुबार्ब. शास्त्रानं भाजीच म्हण, पण इथे फळासारखा खातात. नवा लावला तर पहिल्या वर्षी तोडायचा नसतो, तुझा जुना आहे, त्यामुळे या वसंतातच मिळेल. देठ बुडाशी धरून जरा पिळत ओढायचा, कापायचा नाही. एका वेळी निम्म्याहून जास्त देठ काढू नकोस आणि जून संपला की थांब, गड्ड्याला पुढच्या वर्षासाठी ताकद साठवू दे. पानं मात्र विषारी असतात, त्यात ऑक्झॅलिक आम्ल फार. तिथेच तोडून कंपोस्टमध्ये टाक, लेकीलाही सांगून ठेव. आणि देठांचा मेथांबा कर. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, तिखट, थोडं पाणी आणि गूळ. गूळ विरघळून उकळी आली की मगच रुबार्बचे तुकडे घाल आणि दोन-तीन मिनिटांत गॅस बंद. कैरीइतका दम त्याला नाही, जास्त शिजवलास तर लगदा होतो. चव मात्र अशी आंबट-गोड की नवरा पोळीबरोबर बाटली संपवेल.

गोगलगायींबद्दल विचारलं होतंस. त्या येणारच. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या एप्रिल २०२२ पासून इथे बंद झाल्या, कुणाच्या शेडमध्ये जुना डबा असला तरी घेऊ नकोस, पक्षी आणि साळिंदरासारखे ते छोटे हेजहॉग मरतात त्यानं. रोपं कुंडीत चांगली वीतभर होऊ देत, मगच लाव, कोवळ्या रोपाचा त्या एका रात्रीत फडशा पाडतात. संध्याकाळी ओलसर असताना टॉर्च घेऊन गेलीस तर हातानं वेचता येतात. कोबी-फ्लॉवर लावलास तर पहिल्या दिवसापासून जाळी, नाहीतर कबुतरं देठ तेवढे ठेवतील.

वेळेचं म्हणशील, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि संध्याकाळ मोकळी होते. आठवड्यात दोनदा अर्धा तास आणि शनिवारी दोन तास, एवढ्यात चौथा हिस्सा नीट सांभाळला जातो. एखादा आठवडा लेक आजारी पडली आणि जमलं नाही, तर जमलं नाही. तण चार बोटं वाढेल, एवढंच.

या शनिवारी दहाला येते मी. काटा, फावडं, खुरपं माझ्याकडे आहे. तू पुठ्ठे जमव, सायकलच्या दुकानात मोठे मिळतात. चिकटपट्टी आणि स्टेपल काढून ठेव, चकचकीत छपाईचे नकोत. साइटचा नळ हिवाळ्यात बंद ठेवतात, तो सुरू झालाय का ते सेक्रेटरींना विचारून ठेव, नाहीतर पुठ्ठे भिजवायला घरून पाणी न्यावं लागेल. आणि लेकीला गमबूट घाल, ते पांढरे बूट नकोत.