जनपदोद्ध्वंस आणि कारणमीमांसा : मुंबईच्या प्लेगच्या आधारे साथरोगशास्त्राचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचे नाव ‘जनपदोद्ध्वंसनीय’ असे आहे. त्यात अग्निवेश आपले गुरू पुनर्वसु आत्रेय यांना एक मूलगामी प्रश्न विचारतो. माणसांची प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बळ आणि वयही भिन्न. असे असता एकाच वेळी एकाच रोगाने सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेयांचे उत्तर असे की, माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते बिघडले म्हणजे सर्वांना समान रोग होतो. या बिघाडाचे मूळ ते अधर्मात शोधतात. हे उत्तर आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

ज्या शास्त्राने हा प्रश्न आपला मानला त्याला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. हिंदी परिभाषेत जानपदिक रोगविज्ञान असा शब्द रूढ आहे. विषयाची व्याप्ती पाहता हिंदी शब्द अधिक अन्वर्थक वाटतो, कारण हृदयविकार, कुपोषण, धुरामुळे होणारे फुप्फुसाचे विकार, असे साथीने न पसरणारे रोगही या शास्त्राच्या कक्षेत येतात. वैद्य विचारतो, या रोग्याला काय झाले आहे? साथरोगशास्त्र विचारते, हा रोग याच वस्तीत, याच लोकांत आणि याच ऋतूत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने दुसऱ्याचे मिळत नाही. मुंबईच्या प्लेगचा इतिहास हे स्पष्ट करतो.

1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्या वेळी या रोगाचा जंतू अज्ञात नव्हता. हाँगकाँगच्या साथीत, 1894 मध्येच, अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधून काढला होता. 1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्रतिबंधक लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे जंतू ठाऊक, लसही हाताशी; तरीही रोग मांडवीतच का उद्भवला आणि घरोघर कसा गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जंतू कळला म्हणजे कारण कळले असे नव्हे.

कारण अज्ञात असले तरी शासनाला कृती करणे भाग होते. दोन समजुतींवर ती आधारलेली होती : रोग घाणीतून उपजतो आणि माणसाच्या स्पर्शाने पसरतो. म्हणून गटारे जंतुनाशकांनी धुतली गेली, घरांना चुना फासला गेला. आणि 1897 च्या फेब्रुवारीत संमत झालेल्या साथरोग अधिनियमाच्या आधारे घरांची झडती, रोग्यांना बळाने रुग्णालयात हलविणे, आप्तांना विलग छावण्यांत ठेवणे हे उपाय योजले गेले. पुण्यात या कारवाईने उसळलेल्या संतापाची परिणती 22 जून 1897 रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, हे सर्वविदित आहे. शास्त्राच्या दृष्टीने मात्र आणखी एक हानी झाली. झडतीच्या भयाने लोक रोगी लपवू लागले, मृत्यूचे कारण दडवू लागले, शहर सोडून जाऊ लागले. साथरोगशास्त्राचे साधन म्हणजे मोजणी; आणि जुलमाने पहिला घात केला तो मोजणीचाच.

1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती. 1901 मध्ये ती 7,76,006 भरली. या घटीत मेलेले किती आणि पळालेले किती, हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही. मृतांची संख्या ज्या लोकसंख्येशी ताडून पाहावयाची तीच अस्थिर असेल तर मृत्युमानाचा अर्थ बदलतो. म्हणून हे शास्त्र आकड्याइतकाच तो कसा जमा झाला याचाही विचार करते. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला ही सावधगिरी अपरिचित वाटू नये.

उलगडा झाला तो विसंगतींकडे लक्ष गेल्यामुळे. गाठीच्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना रुग्णालयात हा रोग क्वचितच होई. उलट, रोग्यांनी सोडलेल्या रिकाम्या घरात पाऊल टाकणारा आजारी पडे. मग रोगाचा आश्रय माणसात की घरात? साथीपूर्वी उंदीर मरून पडतात, हेही लोकांनी पाहिले होते. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखविले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग दुसऱ्या उंदरापर्यंत नेतात. हा निष्कर्ष प्रारंभी बहुतेकांनी नाकारला. 1905 पासून परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तो निर्विवाद सिद्ध केला. आयोगाला आढळलेला क्रम असा : प्रथम गटारांतील तपकिरी उंदरांत मरी, काही दिवसांनी घरांतील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांच्या आत माणसांत. यजमान उंदीर मेला की पिसू माणसाकडे वळते.

आता मांडवीचे कोडे सुटते. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ. दूरदेशीची जहाजे, धान्याच्या वखारी, वखारींना खेटून असलेल्या दाट चाळी, आणि माणसांबरोबर छपरांत व कोठारांत नांदणारा काळा उंदीर, अशी ही साखळी होती. हिवाळ्याच्या अखेरीस साथ चढे आणि तीव्र उष्म्यात ओसरे, कारण ते तापमान पिसवांना मानवत नसे. आत्रेयांचे देश आणि काल येथे पुन्हा भेटतात, पण सूक्ष्म होऊन. ‘घाण’ हा शब्द मात्र अपुरा ठरतो. दोष दरिद्री माणसाच्या सवयींचा नसून त्याला जेथे राहणे भाग पडले त्या जागेचा आणि व्यापाराच्या रचनेचा होता. हे न ओळखल्याचे परिणाम 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाच्या कार्यात दिसतात. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते झाले. परंतु हलविलेल्या लोकांसाठी पुरेशी घरे न झाल्याने गर्दी शेजारच्या वस्त्यांत सरकली.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या विवेचनाचे प्रयोजन काय? साथ आली की समाज कारण शोधतो, आणि बहुधा कारणाच्या नावाखाली अपराधी शोधतो. फकीरमोहन सेनापतींच्या ‘रेवती’ या ओडिया कथेत (1898) पटकीने घर उजाड होते आणि आजी दोष देते तो नातीच्या शिक्षणाला. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ या कन्नड कादंबरीत (1965) अग्रहारात उंदीर मरून पडतात, घरांवर गिधाडे उतरतात. ब्राह्मण मात्र या चिन्हांचा संबंध दहनावाचून पडलेल्या प्रेताशी जोडतात. वाचकाला प्लेग दिसतो, पात्रांना पाप दिसते. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ या उर्दू कथेत रोगापेक्षा विलगीकरणाचीच दहशत मोठी आहे. ही दहशत कोणत्याही मृत्युपत्रकात नोंदली जात नाही; मुंबईत तर तिनेच मृत्युपत्रके खोटी पाडली.

साहित्यकृती हा साथीचा पुरावा म्हणून वाचू नये. मृत्युमान सांगणे हे तिचे कार्य नव्हे. परंतु लोकांनी दोष कोणावर ठेवला, कोणी काय लपविले आणि का, हे तिच्याइतके स्पष्टपणे अन्यत्र सापडत नाही. साथरोगशास्त्र दोषाचे रूपांतर कारणात करू पाहते. म्हणजे रोगाचे मूळ एखाद्या माणसाच्या पापात न शोधता घर, धान्य, पाणी, ऋतू आणि सत्ता यांच्या परस्परसंबंधांत शोधते. आत्रेयांनी ज्याला अधर्म म्हटले त्यात राज्यकर्त्यांच्या अधर्माचाही अंतर्भाव होता, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये.