नाव तेच, वही दुसरी : संगणकातील 'ओव्हरराइड'

मुनीम 'उधारीची वही दे' म्हणतो. १ एप्रिलनंतर शब्द तेच राहतात, हातात येते ती नवी वही. संगणकातही अशी सोय आहे. ती समजून घेतली नाही तर खरी नोंदसुद्धा चुकीच्या खात्यात जाते.

आयबीएम कंपनीने १९८८ साली एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक बाजारात आणला. कारखाने, बँका, मोठ्या पेढ्या यांचे हिशेब अशा यंत्रावर चालतात. त्याच घराण्यातील यंत्रणा आज 'आयबीएम आय' नावाने चालू आहे. तिच्यात 'ओव्हीआरडीबीएफ' नावाचा हुकूम आहे.

समजा, एका कापड पेढीची काष्टी व श्रीगोंदा अशी दोन दुकाने आहेत. प्रोग्राममध्ये फाइलचे नाव फक्त 'विक्री' आहे. चालवण्यापूर्वी संगणकाला सांगायचे, 'विक्री म्हणजे श्रीगोंद्याची विक्री'. फाइल उघडताना संगणक आधी हा हुकूम पाहतो आणि ती वही उघडतो. प्रोग्रामचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. एकाच फाइलचे सालवार भागही करता येतात. त्यांना 'मेंबर' म्हणतात. कोणता मेंबर हवा तेही याच हुकमात सांगता येते.

मात्र चार गोष्टींची खबरदारी घ्यावी.

१) हुकूम फाइल उघडण्याआधीच द्यावा. उघडल्यानंतर दिल्यास त्या उघडलेल्या फाइलवर त्याचा परिणाम होत नाही.

२) दोन्ही फाइलींचे रकाने सारखे असावेत. वेगळे असतील तर संगणक सहसा अडवतो. पण रकाने सारखे आणि वही भलतीच, तर तो काहीच बोलत नाही.

३) हुकूम त्या एका कामापुरताच असतो. रात्री चालण्यासाठी वेगळे काम सोडले, तर तो हुकूम आपोआप तिकडे जात नाही. चाचणीच्या नोंदी खऱ्या खात्यात पडतात त्या अशाच. म्हणून रात्रीच्या कामातही हुकूम नव्याने द्यावा.

४) कोणते हुकूम चालू आहेत ते 'डीएसपीओव्हीआर'ने पाहावे. गरज संपताच 'डीएलटीओव्हीआर'ने रद्द करावे.

आता नुकसान पाहा. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाने जुनी बाकी फेडली आणि जमा श्रीगोंद्याच्या वहीत गेली. संगणकाची बेरीज चुकत नाही. पण काष्टीच्या वहीत बाकी तशीच दिसते आणि पैसे दिलेल्या माणसाकडे आपण पुन्हा मागणी करतो. रक्कम सापडेल, गेलेला भरवसा सहज परत येत नाही.

लहान दुकानात हे मोठे यंत्र नसते. पण हिशेबाच्या साध्या प्रोग्राममध्येही पेढी आणि साल आधी निवडावे लागते. म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वी पडद्यावरील पेढीचे नाव व साल वाचावे. संध्याकाळी त्या वहीची रोख जमा गल्ल्याशी ताडून पाहावी. प्रोग्राम करून देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : वही कोण ठरवतो, केव्हा ठरवतो आणि तो हुकूम कुठवर चालतो?