मैत्रिणी सोबत असू देत, ऐकणं मात्र तुझं

अगं, तुम्ही साऱ्या जणी लुनियाखेडीला कबीर ऐकायला निघालात हे आईकडून कळलं आणि मला मनापासून आनंद झाला. शनिवार-रविवारची सुट्टी काढून मालव्यातल्या एका खेड्यात रात्रभर भजनाला बसायचं, हे तुमच्या वयाच्या मुलींना सुचलं, याचंच किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! पण जाण्याआधी चार गोष्टी बोलायच्या आहेत. काही आईला सांगण्यासारख्या, एखादी फक्त आपल्या दोघींतली.

आईला सांगण्यासारखी आधी. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस धरलीत की सकाळी उज्जैनला उतराल. तिथे पोहे-जिलेबी खाऊन घ्या, पोह्यांवर शेव आणि जिरावण भरपूर घालून मागा. पुढे मक्सीच्या रस्त्याला गाडी करावी लागेल. ती ठरवतानाच परतीची वेळ उजाडल्यानंतरची ठरवा. गाणं रात्रभर चालतं. ‘बारा-एकला उठू, लॉजवर जाऊन झोपू’ असं कुणीतरी म्हणेलच, पण अनोळखी रस्त्यावर अपरात्री भाड्याच्या गाडीत बसण्यापेक्षा मांडवात बसणं कधीही सुरक्षित. डोळे मिटायला लागले तर तिथेच सतरंजीवर आडवं व्हायचं, गावातली माणसंही तेच करतात. बसायचं गावातल्या बायकांजवळ. त्या तुम्हाला पाणी विचारतील, कुठून आलात विचारतील आणि न सांगता रात्रभर लक्षही ठेवतील. शौचाला जायचं तर त्यांनाच विचारायचं आणि जोडीनेच जायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान हाताशी ठेव, खेड्यात रात्री दुकान उघडं मिळणार नाही. शाल मात्र प्रत्येकीने घ्या. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र नावाजलेली आहे ती उगाच नाही. दिवसा कितीही तापलं तरी तिथे रात्री गार वारा सुटतो.

आता खरं सांगायचंय ते. मैत्रिणींबरोबर जा, पण ऐकायला आपापलं बसा.

आपण घोळक्याने कुठे गेलो की दिवसभर एकमेकींनाच पाहत असतो. कुणाला भूक लागली, कुणाचा चेहरा पडला, कुणाचा फोटो राहिला. त्यात वाईट काही नाही, मैत्री अशीच असते. पण गाण्यासमोर बसल्यावर हे सुटावं लागतं. शेजारची कंटाळली का, हे बघत बसलीस तर तुझ्या कानात काही उतरणार नाही. म्हणून गाडीतच ठरवून टाका: जिला झोपायचंय ती झोपेल, जिला ऐकायचंय ती पुढे जाऊन बसेल, दोघी-दोघी एकमेकींच्या नजरेत राहतील आणि कुणी कुणाला ‘चल ना’ म्हणून ओढणार नाही. तू सगळ्यांचं मन राखणारी आहेस, म्हणून तुला मुद्दाम सांगते. त्या एका रात्री नको राखूस. हीच ती आपल्या दोघींतली गोष्ट.

जाण्याआधी थोडी तयारी कर. लुनियाखेडी हे प्रह्लादसिंह टिपानियाजींचं गाव. 1954चा जन्म, पेशाने शाळामास्तर होते. तरुणपणी तंबुऱ्याच्या आवाजाने ते ओढले गेले, आधी तो वाजवायला शिकले आणि त्या वाटेने भजनांत शिरले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण बसतात अजून मंडळीत बसावं तसेच. एका हातात पाच तारांचा तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, साथीला ढोलक, मंजिरा, हार्मोनियम, व्हायोलिन. आधी साखी, म्हणजे कबीराचा दोहा, म्हणतात, मग भजन उचलतात, आणि मध्येच गाणं थांबवून मालवी वळणाच्या हिंदीत अर्थ सांगतात. शहरातल्या श्रोत्यांना हे थांबणं खटकतं, गाणं चालू ठेवा ना असं वाटतं. तू तसं वाटू देऊ नकोस. तिथे बोलणं हाही गाण्याचाच भाग आहे, आणि मला तर कधी कधी तेच जास्त आवडतं. शबनम विरमानींचा ‘चलो हमारा देस’ हा माहितीपट पाहून जा. टिपानियाजी आणि कबीराचं भाषांतर करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांच्या मैत्रीवर तो आहे. तो पाहिलास की समोर काय चाललंय ते लवकर कळेल.

आणि एक नीट लक्षात ठेव. मालव्यात कबीर गाणाऱ्या मंडळ्यांत मोठा भरणा दलित कुटुंबांतल्या माणसांचा आहे. दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबून ही माणसं रात्री गायला बसतात. 1991पासून काही वर्षं देवासला ‘एकलव्य’ संस्थेने कबीर भजन एवं विचार मंच चालवला. गावोगावच्या मंडळ्या दर महिन्याला जमायच्या, गायच्या आणि जे गायलं त्यावर बोलायच्याही: जातीवर, कर्मकांडावर, स्वतःच्या घरात आपण कसे वागतो यावर. म्हणून ‘किती निरागस, किती साधी माणसं’ असलं काही बोलू नका, लिहूही नका. त्या गाण्यात फार तीक्ष्ण विचार आहे आणि गाणाऱ्यांना तो नेमका ठाऊक आहे. कुणाला आडनाव खोदून विचारू नका. पंगतीला बसाल तेव्हा वाढलेलं सगळं संपवा आणि वाढणाऱ्यांना ‘आम्हालाही हात लावू द्या’ म्हणा, नाही म्हणाले तरी ताटं उचला. प्रवेशाला पैसे लागत नाहीत म्हणून फुकटात उठून येऊ नका. लॉजचे वाचले तेवढे तरी दानपेटीत टाका.

फोनचं सांगितल्यावर रागावशील, तरी सांगते. सुरुवातीला काय काढायचं ते काढा, समोरच्याला विचारून काढा, आणि मग फोन पिशवीत जाऊ दे. समोर बसलेल्या म्हातारबाबांच्या डोळ्यांवर रात्री दोन वाजता फ्लॅश मारणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. तुझी मैत्रीण करत असेल तर तिला तू थांबवायचंस. मैत्रिणीला हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती मैत्री काय कामाची?

पहाटेपर्यंत टिकलीस तर बघ, सूर बदलतो. गर्दी विरळ होते, लांबून आलेल्या लहान मंडळ्यांची पाळी लागते, नावं कुणाला माहीत नसलेले गवई पुढे येतात. माझ्या मते खरी रात्र तेव्हाच सुरू होते. मोठं नाव ऐकून झालं म्हणून उठाल, तर निम्म्याहून अधिक गमवाल. भाषा सगळी कळली नाही तरी चालेल. टेक पुन्हा पुन्हा येते, तिसऱ्या खेपेला ओठांवर येतेच. वारीत कबीर आपल्याकडेही गातात, तू तो अगदीच परका म्हणून ऐकणार नाहीस.

रविवारी वेळ उरेल. उज्जैनला घाट आणि मंदिरं करायचा मोह होईल, पण मी म्हणेन देवासला जा. 1947मध्ये कुमार गंधर्वांना क्षय झाला आणि पुढच्याच वर्षी ते तिथे राहायला आले. काही वर्षं गायची मनाई होती. अंथरुणावर पडल्या पडल्या ते बाहेरून येणारी मालवी बायकांची गाणी, फिरत्या भजनीकांचे सूर ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्यांच्या गाण्यात जे निर्गुण आलं, त्याची मुळं या मातीत आहेत. आपल्या घरातली त्यांची जुनी कॅसेट तू लहानपणापासून ऐकतेस, त्यातलं गाणं कुठून आलं हे रात्रभर जागल्यावर तुला आपोआप ऐकू येईल. माताजीच्या टेकडीजवळ त्यांचं ‘भानुकुल’ आहे. राहतं घर आहे, आधी विचारल्याशिवाय दार वाजवू नका. टेकडीवर मात्र जरूर चढा.

परतीची तिकिटं पक्की झाली आहेत की वेटिंगवर, ते आजच बघ. वेटिंगवर असतील तर इंदूरहून रात्रीच्या बसची जागा धरून ठेवा, आणि सोमवारची रजा आत्ताच टाक.