कडेची पांढरी रेघ

शाळेच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ संगणकावर काठापर्यंत निळे दिसते. छापून, कापून आले की एका कडेला बारीक पांढरी रेघ! असे का होते?

छापखान्यात मोठ्या कागदावर छापून मग गठ्ठाच्या गठ्ठा कापतात. पाते दर वेळी नेमके रेषेवर पडत नाही. थोडे इकडेतिकडे होतेच. प्रयोगातल्या मोजमापाप्रमाणे इथेही त्रुटी शून्य करता येत नाही, तिच्यासाठी जागा ठेवावी लागते.

म्हणून रंग कापरेषेबाहेर चारही बाजूंना साधारणतः ३ मिमी वाढवतात. हेच ‘ब्लीड’. ए-४ पान २१० × २९७ मिमी. ब्लीडसह २१६ × ३०३ मिमी. आता पाते १ मिमी बाहेर सरकले तरी रेघ दिसणार नाही. ते आतही सरकेल. म्हणून अक्षरे कापरेषेच्या ३ ते ५ मिमी आत ठेवावीत.

पीडीएफमध्ये ‘ट्रिमबॉक्स’ कापरेषा सांगतो, ‘ब्लीडबॉक्स’ रंगाची हद्द. कापण्याच्या खुणा ब्लीडच्या बाहेर असाव्यात. फाइल तयार करताना ब्लीडचा पर्याय निवडला नाही, तर वाढवलेला रंग फाइलमध्ये येतच नाही. नुसत्या खुणा पुरत नाहीत!

करून पाहा : दहा कागदांवर रेषा आखा, कात्रीने कापा आणि प्रत्येक वेळची चूक मोजा. तुम्हांला किती ब्लीड लागेल?