स्मृतिभ्रंश आणि सेवा करणाऱ्याचा क्रोध

वार्धक्यात मेंदूच्या विकाराने स्मृती व विवेक क्षीण होतात, त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णिला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६३ व्या श्लोकातही हाच शब्द येतो. परंतु तेथील स्मृतिभ्रंशाचे मूळ क्रोध आहे. रुग्णाचा भ्रंश रोगजन्य असतो. क्रोधजन्य भ्रंशाचे भय सेवा करणाऱ्यास असते.

वृद्ध माता जेवून उठते आणि म्हणते, “मला कोणी जेवू घातले नाही.” हे असत्य नव्हे. नव्या घटना साठविण्याची मेंदूची शक्ती आधी लोपते, जुन्या आठवणी मागाहून. म्हणून वाद न घालता “आई, बस, थोडे दूध देतो” एवढेच म्हणावे. सायंकाळी पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता वाढते. तेव्हा दिवे लवकर लावावे, गलबला टाळावा. “मला घरी जायचे आहे” असा हट्ट धरल्यास तिच्यासह चार पावले चालावे, माहेरच्या गोष्टी विचाराव्या. वर्तन एकाएकी पालटल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मलावरोध किंवा वेदना असू शकते. वैद्यास त्वरित दाखवावे.

हा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नये. सर्वांनी पाळी वाटून घ्यावी. थकलेल्या मनात क्रोध लवकर शिरतो.

आजची सेवा मातेला उद्या स्मरणार नाही. तरीही ती करावी. फलाशेवाचून कर्म करणे ते हेच.