डोळे मिटलेले, कान जागे

झोप येत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला रात्री मोबाईल दूर ठेवण्यास सांगितले की 'पडदा बंदच असतो, नुसते पुस्तक ऐकतो' असे उत्तर हल्ली वारंवार मिळते, आणि झोप बिघडवतो तो केवळ पडद्याचा प्रकाश, हा चिवट गैरसमज त्यामागे असतो. प्रकाशामुळे मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची सूचना शरीराला देणारे संप्रेरक, कमी स्रवते हे खरे; परंतु रहस्यकथेतील खून, अपहरण, छळ यांची वर्णने कानी पडत असता अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जातंतूंची यंत्रणा, अंधारातही उद्दीपित होते, छातीची धडधड वाढते आणि स्नायू ताठरतात. शिवाय उथळ झोपेतही मेंदू आवाजांची दखल घेत असल्याने निवेदकाचा एकाएकी चढलेला स्वर झोपमोड करण्यास पुरेसा ठरतो.

छापील पुस्तकातील नकोसा परिच्छेद वाचक नजरेने ओलांडू शकतो. श्राव्य पुस्तक मात्र निवेदकाच्या गतीने चालते आणि श्रोत्याला डुलकी लागली तरी थांबत नाही. स्टिग लार्सन यांची २००५ मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेली आणि इंग्रजीत 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' या नावाने गाजलेली कादंबरी घेतली, तर तिचे इंग्रजी श्राव्य रूप सुमारे १६ तासांचे आहे. म्हणजे निजताना रोज तासभर ऐकणारी व्यक्ती लैंगिक अत्याचाराचीही वर्णने असलेल्या कथानकासह दोन आठवड्यांहून अधिक काळ अंथरुणात शिरते. अशा सवयीने अंथरुणाची सांगड झोपेऐवजी जागेपणाशी बसते. ही सांगड मोडण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली उद्दीपक-नियंत्रण पद्धत, म्हणजे अंथरूण केवळ झोपेसाठी राखणे आणि झोप येत नसल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसणे, आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरली जाते.

रहस्यकथेची आवड हा आजार नव्हे, आणि ती ऐकून कोणी गुन्हेगार होत नाही, याविषयी पालकांनीही निर्धास्त राहावे. चुकते ती वेळ, आणि त्याहून अधिक चुकतात ते उपाय. दवाखान्यात आलेल्या एका शिक्षिकेने कथा बंद करण्याऐवजी शेजारणीकडून अल्प्राझोलामची गोळी मागून घेतली होती आणि दिवसभर वर्गात पेंगण्याचे खापर मात्र रक्तदाबावर फोडले होते. या गोळीची सवय जडते, ती एकाएकी बंद केल्यास अपाय होतो, आणि चिठ्ठीशिवाय ती विकणे कायद्याने निषिद्ध आहे. समाजमाध्यमांवरील 'गाढ निद्रेच्या ध्वनिलहरी' आणि मूठमूठ जायफळाचे सल्ले देणाऱ्यांनी तर रुग्णांचा अंत पाहिला आहे. जायफळ अति झाले की धडधड आणि संभ्रम निर्माण होतो, ही माहिती मात्र त्या चित्रफितींत नसते. शिक्षिकेची गोळी वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आली, आणि उरलेली कथा त्यांनी दुपारी स्वयंपाक करताना संपवली. शेवट कळल्याविना चैन पडत नाही, ही त्यांची अडचण रास्तच होती.

आवाजाचीही मर्यादा पाळावी. प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे आणि हे तीन महिने चालणे, त्याच त्या दुःस्वप्नांनी दचकून उठणे, दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणे, कथेतील प्रसंगामुळे स्वतःवर पूर्वी झालेला अत्याचार डोळ्यांसमोर जिवंत होणे, ही लक्षणे दिसल्यास 'मन घट्ट करा' हा घरगुती सल्ला बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. हेडफोन काढल्यावरही कोणी बोलत असल्याचे ऐकू येत असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.